भरतातले काळे

अखिलचुल्लीमंडलाधीश्वरी, वृन्ताकदर्पहारिणी, धूम्राकुलनेत्रा तथापि अचूकदृष्टिसंपन्ना, नशिराबादभूषण श्रीमती मातोश्री यांच्या चरणी धुळ्यातील एका निवृत्तीसमीप संस्कृत-अध्यापकाचे साष्टांग निवेदन. म्हणजे, माय, मी थोरला.

तू गेल्यावर धाकट्याने जळगावात, मेहरूण तलावापाशी, भरताचे दुकान थाटले. हल्ली तो भरतात आणि भाकरीत करवंटीच्या कोळशाची भुकटी कालवतो. हा सामान्य कोळसा नव्हे. यास ‘ॲक्टिव्हेटेड चारकोल’ ही उपाधी प्राप्त झाली असून तो देहातील यच्चयावत विषांचे निर्मूलन करतो, असे फलकावर लिहिले आहे. गेल्या रविवारी मी गेलो तेव्हा बाकडी भरलेली होती आणि सुशिक्षित माणसे काळ्याकुट्ट दंतपंक्ती दाखवत एकमेकांची छायाचित्रे काढत होती. एका मुलीने विचारले, “दादा, रेसिपी कुणाची?” “आमच्या मायची,” तो निर्विकारपणे म्हणाला. माझ्या अंतःकरणाचा, भुकटीविनाच, कोळसा झाला.

कारण तो दिवस मला अद्याप स्मरतो. मी आठवीत, तो सहावीत. परसात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून झाली आहेत. तू मला पाटावर बसवतेस, पाण्याची वाटी पुढे सरकवतेस आणि ओल्या बोटांनी साल कशी सोलायची ते एकदा दाखवतेस. मी सोललेली वांगी लाकडी बडगीत टाकतो. ठेचायला तू मुसळ उचलतेस, आणि आत पाहून थांबतेस. “हाई काय शे? बठ्ठं काळं तसंच शे. पोटमा जाई ना हाई. ऊठ, तू तुन्हं पुस्तक वाच.” मग धाकट्याला हाक. त्या दिवसापासून पाट त्याचा झाला. तुम्ही दोघे परसात हसत असा आणि मी ओसरीवर देवः देवौ देवाः म्हणत असे. लोक माझ्या व्यासंगाचे कौतुक करतात. त्यांना त्याचे मूळ वांग्यात आहे हे ठाऊक नाही.

“मलाही काळंच दे,” मी रविवारी म्हणालो.

“तुला नाही, भाऊ. बीपीची गोळी घेऊनच निघाला असशील. हे काळं पोटात गोळीलाच धरून बसतं, मग गुण येत नाही. तू आपलं साधं खा.”

एकाच कुटुंबाने एकाच पदार्थावरून मला दुसऱ्यांदा उठवले. त्याने साधे भरीत आणि कळण्याची पुरी पुढे ठेवली. मी मोठ्या आशेने त्यात काळा कण शोधला. एकही नव्हता. पहिला घास घेतला आणि माय, तो तुझाच हात होता. तुझ्यासारखा नव्हे, तुझा. वाटणीत बडगी मी हट्टाने मागून घेतली होती, ती धुळ्यात कपाटावर शोभेला आहे. त्याने तेव्हा काहीच मागितले नाही. आता कळते, का ते. शेजारच्या मुलीला मी विद्वत्तेने सांगितले, “हे काळे आमची माय काढून टाकत असे.” ती म्हणाली, “काका, मग तुम्हीही छान करत असाल ना भरीत?” मी पुरीत लक्ष घातले.

हे पत्र टाकण्याजोगी पेटी नाही, तेव्हा बडगीतच ठेवीन. एक मात्र तुला सांगायचे राहिले होते. ती साल मी मुद्दाम ठेवली होती. वाटले, तू माझी बोटे धरून पुन्हा दाखवशील.

काल बडगी खाली उतरवली आणि गॅसवर एक वांगे भाजले. साल पूर्ण काढली, कणभरही काळे ठेवले नाही. बघायला कोणी नव्हते. परंतु वांग्याचा रस बर्नरच्या छिद्रांत उतरून जळला आहे. सुईने टोकरून पाहिले, व्यर्थ. ज्योत एकाच अंगाला लागते, चहाला पाऊण तास जातो, आणि दुरुस्तीवाला सकाळपासून ‘निघालोच’ म्हणतो आहे.