भिमाजी सर प्याला का घेत नाहीत?

२ मार्च, रविवार

आजही नाही घेतला! चर्चमध्ये प्रभुभोजनाचा, द्राक्षरसाच्या प्याल्यांचा ट्रे भिमाजी सरांपुढे आला आणि त्यांनी तो तसाच माझ्याकडे सरकवला. मागच्या महिन्यातही तेच. बत्तीस वर्षं चर्चच्या शब्बाथ शाळेत, दर रविवारी पोरांना बायबल शिकवणारा माणूस — आणि प्याला नको? शुगर म्हणावी, तर प्याला अंगठ्याएवढा. कारण कळल्याशिवाय मला काही चैन पडायचं नाही.

९ मार्च

वर्गात दिव्याने सरळ तोंडावर विचारलं, "सर, तुम्ही पाप केलंय का?" दहा वर्षांची आहे, पण जीभ बघा! मी डोळे वटारले. सर मात्र म्हणाले, "हो. एकाचं मन दुखावलंय मी. आधी त्याच्याकडे जायचं, मग देवापुढे यायचं. शिकवलंय ना तुम्हाला?"

पण कुणाचं मन? मी त्यांची मदतनीस शिक्षिका, मला सांगायला काय झालं होतं!

१५ मार्च, शनिवार

कळलं! महाळुंग्याहून कामावरून येताना कंपनीची बस दिघीत वळली, तर शादाबच्या दुकानापुढे सरांची स्कूटर. उतरलेच मी.

शादाब आमच्या चर्चचे स्पीकर दुरुस्त करायचा. नाताळच्या नाटकानंतर कॉर्डलेस माईक सापडेना, तेव्हा सभेत सर म्हणाले होते, "शेवटी शादाबच होता इथे." एवढंच. पण त्यानंतर त्याला कुणी बोलावलं नाही. पलीकडच्या शाळेचं गॅदरिंगचं कामही गेलं. मी तेव्हा काय केलं? मान डोलावली. नाटकाचा सगळा पसारा मीच आवरला होता, म्हणून माझ्या मानेला वजन!

शादाब काम करतच होता, वर बघितलंही नाही. "सर, हा पाचवा शनिवार. चहा घ्या. पण बोललात चारचौघांत, आणि माफी शटरच्या आत?"

सर म्हणाले, "बरोबर आहे तुझं."

२३ मार्च

सर आता काय करणार, सांगतच नाहीत. दोनदा चहा पाजला, तरी नाही. हद्द आहे!

६ एप्रिल, रविवार

ट्रे फिरायच्या आधी सर उठले. कागद आणला होता, पण बघितला नाही. "शादाबने माईक नेला, असं मी सुचवलं. मी काही पाहिलं नव्हतं. त्याचं काम गेलं, ते माझ्यामुळे. माझं चुकलं."

आमचे खजिनदार आबाजी लगेच, "मग माईक गेला कुठं, सर?"

"माहीत नाही. तेव्हाही माहीत नव्हतं."

शादाब दारातच उभा होता. सरांनी स्वतः जाऊन बोलावलं होतं त्याला. भिंतीवरचा स्पीकर खरखरत होता, जाताना शादाब त्याची वायर तेवढी नीट बसवून गेला. सरांनी आज प्याला घेतला. मला रडू आवरेना.

पण माझा चौकस स्वभाव कुठे जाणार? माईक खरंच गेला कुठं?

३ मे, शनिवार

सुट्टीतल्या शाळेसाठी नाटकाच्या कपड्यांची ट्रंक उघडली. मेंढपाळाचा झगा झटकला, तर बाहीतून ठणकन फरशीवर पडला — माईक!

झगे मीच गुंडाळले होते. कुलूप मीच लावलं होतं. किल्ली तेव्हापासून माझ्याच पर्समध्ये.

४ मे, रविवार

सकाळीच शादाबला फोन केला. म्हटलं, उपासनेला ये, कृपा करून ये.

ट्रे माझ्यापुढे आला. मी तसाच पुढे दिला. दिव्या टक लावून बघत होती. सरांनीही पाहिलं.

शेवटचं गीत संपता संपता शादाब दारात दिसला. मी पिशवीतून माईक काढला आणि उठले.