आरोहीचे सहाशे ग्रॅम

४ फेब्रुवारी, मंगळवार
सुया! अकरा महिन्यांच्या पोरीला सुया! आरोहीला आज अंगणवाडीत वजनाला आणलं, तर दोन्ही हातांच्या बोटांवर टोचल्याच्या खुणा. तिची आई प्रांजल पोरीचं झबलं काढत राहिली. आजी भिमाबाईच बोलली — काल मेंढरं घेऊन बेल्ह्याच्या बाजाराला गेलो व्हतो, तितं चिनी सुयांचा डाक्टर बसतो, पोर सुकत आसंल तर सुईनं भरतं म्हने.

मी ओरडलेच. वजन पाच किलो सातशे, दंडाचा घेर मोजायची पट्टी लाल रंगात, म्हणजे तीव्र कुपोषण. दवाखान्यात भरती करा म्हणून दोन महिने घसा कोरडा करतेय, तर "मेंढरांकडं कोन बगंल?" आणि सुया टोचायला मात्र सवड! संतापाने जेवण गेलं नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
खाऊची पाकिटं न्यायला प्रांजल आली नाही. रुसली असेल. रुसू दे.

१२ फेब्रुवारी, बुधवार
सहा किलो तीनशे!! आठ दिवसांत सहाशे ग्रॅम! काटा बिघडला असेल म्हणून पाच किलो तांदळाची पिशवी ठेवून पाहिली — बरोबर पाच. पोरीचे गाल भरलेत. वीस वर्षं खाऊ वाटतेय, माझ्या हातून असं एकही पोर वाढलं नाही.

भिमाबाई काय चिडवते — "बाई, तुमालाबी टोचून आनू का? लई वाळलाय!" हसू आवरेना. हसता हसता बोलूनही गेले, गुण आला बाई सुईने. प्रांजलने मोबाइलवर फोटो काढला, लगेच कुणाला तरी धाडलाही. काट्यावर आरोही, शेजारी मी.

१५ फेब्रुवारी, शनिवार


सहज प्रांजलच्या वस्तीवर गेले होते. आरोही ना रडत होती, ना हसत. पायातले वाळे रुतलेले. दोन्ही पावलांवर अंगठा दाबून धरला, तीन आकडे मोजले, उचलला — खड्डा तसाच! सूज. गालांवरही सूजच. सहाशे ग्रॅम म्हणजे निव्वळ अंगात साठलेलं पाणी! दंडाला पट्टी लावली, लालच. बुधवारी मी ती लावलीच नव्हती. काटा बघून भुलले. हुरळली मेंढी, लागली लांडग्याच्या पाठी — आणि हे मेंढरंवाल्यांच्या दारात!

काय भरवतेस गं हिला? प्रांजल म्हणाली, "पथ्य हाय. एकवीस दिस निस्ती भाताची पेज. डाळ न्हाई, अंडं न्हाई. अंगावरचं दूदबी तोडाया लावलं."

अगं, मग मला का नाही सांगितलंस?

"तुमी ओरडला व्हता ना."

एकशे आठला फोन लावला. भिमाबाई स्वतःच म्हणाली, मेंढरं गेली खड्ड्यात, घ्या पोरीला.

१६ फेब्रुवारी, रविवार
भरती केलं. डॉक्टर बाई म्हणाल्या, अजून दोन दिवस गेले असते तर... सगळं कळत असून मी पट्टी न लावता सुईचे गोडवे गायले. लाज वाटते.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
प्रांजलचा फोन — सूज उतरतेय, वाटीभर दूध प्याली. तिथेच टेकले, रडले.

तेवढ्यात लंकाबाई दारात. कडेवर तिचा नातू समर्थ, सात महिन्यांचा, आमच्या अंगणवाडीतलं सगळ्यात धट्टंकट्टं पोर. त्याच्या बोटांवर टोचलेलं.

"कालच्या बाजारात टोचून आनला, आजून गुटगुटीत व्हईल. आमी जानारच नव्हतो, बाई. पन त्या डाक्टरनं तुमचा फोटू भिताडाला लावलाय."