पऱ्हाटीच्या कोळशाची विहीर

मी, उत्तरा नागसेन गजभिये, वय एकाहत्तर, निवृत्त विज्ञान शिक्षिका, राहणार उमरेड रोड, नागपूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना, चष्मा लावून, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव टाकायला आलेल्याला मी चहा पाजते आणि वाटेला लावते, हे गल्लीत सर्वांना ठाऊक आहे.

१. प्लॉट मी माझ्या पगारातून घेतला, घर त्यावरच बांधलं. हे घर मुलगा रोशन याला द्यावं. बँकेतली ठेव नात उन्नती हिला, शिक्षणासाठी. लग्नासाठी नाही, लग्न विहारात साधेपणानं होतं.

२. मागच्या अंगणातली विहीर, तिच्याभोवतीची जागा, मागची खोली आणि रस्त्यापर्यंतची वाट रोशनला नाही.

रोशन, रागावू नको. तू पुण्याहून फोनवर म्हणालास, "आई, बिल्डर तयार आहे, विहीर बुजवून टाक, नळ येईलच." नळ येईल तेव्हा येईल. आज अर्धी गल्ली त्या विहिरीवर जगते. गल्लीच्या टोकाला पूर्वी जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायचे. तो धंदा उठला, शिसं जमिनीत राहिलं आणि विहिरीत उतरलं. पाणी दिसायला काचेसारखं. तुझे बाबा तेच पीत खंगत गेले. डॉक्टरांनी कारण शिसंच असं कधी म्हटलं नाही, म्हणून मीही लिहीत नाही. पण मनातून ते जात नाही.

ते गेल्यावर माझ्या जुन्या विद्यार्थिनीनं, नंदिनीनं, पाणी तपासलं. ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. मग आम्ही दोघी कामाला लागलो. कापूस वेचून झाला की उरलेली वाळकी झाडं, म्हणजे पऱ्हाटी, लोक चुलीत घालतात नाहीतर शेताच्या धुऱ्यावर पेटवून देतात. ती आणायची, झाकणबंद ड्रममध्ये हवा न लागू देता भाजायची, कोळसा कुटून, धुऊन रेतीच्या थरांमध्ये भरायचा. पाणी त्यातून हळूहळू उतरतं आणि शिसं कोळशाला धरून राहतं. गाळलेलं पाणी तपासणीत पास झालं त्या दिवशी मी न्हाणीत जाऊन ढसाढसा रडले. बाबांना हे पाणी मिळालं नाही.

३. तर ही विहीर, कोळशाची गाळणी आणि वर लिहिलेली सगळी जागा माझी नणंद इंदूबाई हिच्या मालकीची होईल. नातेवाईक हसतील, कारण ती गेली कित्येक वर्षं माझ्याशी बोलत नाही.

झालं असं. वापरून झालेला कोळसा मी पोत्यात बांधून ठेवला होता. इंदूबाईनं तो वाटून, मीठ घालून राखुंडी केली. आमच्याकडची जुनी माणसं कोळशानंच दात घासतात. स्वतः घासले ते घासले, शेजारणींनाही पुड्या बांधून दिल्या! मी पाहिलं आणि तिच्या हातातली पुडी उडवली.

"कोळसा त कोळसाच असते वं! माह्या तोंडातलं काहून काढून राहिली?"

"बाई, सगळं शिसं त्यातच आहे. विष आहे ते!"

तिनं चूळ भरली, चप्पल घातली आणि घरोघर फिरून एकूण एक पुडी परत आणली. बायकांच्या शिव्या खाल्ल्या. आजही त्या पोत्याला कोणी हात लावला तर ती अंगावर धावून जाते. माझ्यानंतर एवढा धाक दुसऱ्या कोणाचा राहणार नाही. इंदूबाईनंतर ही जागा विहार समितीची. तपासणी नंदिनी करील, आणि या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनंच करावी.

४. चुलत दीर मधुसूदन याला काही नाही. "मास्तरीणबाई आता चुलीचं पाणी पाजून राहिली," असं तो भर पंगतीत म्हणाला होता. पाण्याला मात्र त्याला नाही म्हणू नये. कोणालाच म्हणू नये. का, ते आपल्या घरात सांगावं लागत नाही.

५. मला अग्नी द्यावा. पण रोशन, अस्थी आंभोऱ्याच्या संगमावर नेऊ नको. तुझ्या बाबांच्या नेल्या तेव्हा आपल्याला काहीच ठाऊक नव्हतं. शिसं हाडांत जाऊन बसतं, आणि घर बांधल्यापासून ते गेले तोवर मीही तेच पाणी प्यायले. नंदिनी म्हणेल, "मॅडम, एवढ्यानं नदीला काही होत नाही." माहीत आहे मला. तरी माझ्या हाडांवरून गेलेलं पाणी कोणाच्या घागरीत पडू नये. अस्थी सिमेंटात पक्क्या बंद कर. आणि बाळा, मिस्त्री लावू नको. ते सिमेंट तू आपल्या हातानं कालव.

वरील मजकूर मी वाचला, दोन्ही साक्षीदारांना मोठ्यानं वाचून दाखवला आणि त्यांच्यासमोर सही केली.

(सही) उत्तरा नागसेन गजभिये

आम्हा दोघांसमक्ष सही झाली. आम्हीही बाईंसमोर सह्या केल्या:
१. डॉ. मुकुंद वैरागडे (सही)
२. भूमिका ओमप्रकाश शाहू, शेजारी (सही)

नागपूर, ९ फेब्रुवारी २०२५