निळ्या डब्यातलं ऑइल

ता. ४ फेब्रुवारी

ती. मोठ्या काकांस,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईचा गुडघा कुरकुरतो, पण आईइतका नाही.

पत्रास कारण, बाबांची मोटरसायकल मी बाहेर काढली. ते गेल्यापासून वर्षभर ती जिन्याखाली चादर पांघरून उभी होती. हात लावायचा धीरच होत नव्हता. आता माझी बदली पाणी तपासायच्या नव्या प्रयोगशाळेत झालीय, रोजचे चाळीस किलोमीटर. म्हटलं, हीच चालवू. तर आधी ऑइल बदलायला हवं. कोपऱ्यावरचा स्पेअरपार्टवाला म्हणतो, सिंथेटिक घाला ताई, उन्हात टिकतं, थंडीत गाडी पटकन उठते. आईला विचारलं तर ती नुसती हसते. तुम्ही चाळीस वर्षं गॅरेज चालवताय, तुम्हीच सांगा, सिंथेटिक की साधं?

लोभ आहेच, ओरडलात तरी तो असू द्या.
आपली,
भिंगरी

ता. ११ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

सिंथेटिक! अगं, लिहायला हात तरी कसा धजला तुझा?

ती गाडी आम्ही दोघा भावांनी मिळून जुनी विकत घेतली, तेव्हा तुझा पत्ताच नव्हता. तिच्यावर बसूनच गॅरेजसाठी जागा शोधत हिंडलो. तो पुढे चालवायचा आणि मी मागे बसून पाट्या वाचायचो. काय दिवस होते! मग तुझा बाप गॅरेज सोडून ऑफिसातल्या खुर्चीत जाऊन बसला. नको जाऊ म्हटलं, गेला. घर इतकं लांब घेऊ नको म्हटलं, घेतलं. एकच ऐकलं बेट्यानं, गाडीत साधं ऑइल घालायचं आणि वेळेवर बदलायचं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी यायचो, स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावायचो आणि म्हणायचो, ऐक, हा साध्या ऑइलचा आवाज! तो मागे उभा राहून मान डोलवायचा. त्यानं गॅरेज सोडल्यापासून सव्वीस वर्षांत इंजिन उघडावं लागलं नाही. तो गेल्यावर मला तेवढंच उरलंय गं, की या एका बाबतीत तरी धाकट्यानं माझा शब्द राखला.

गिऱ्हाइकांनाही मी हेच सांगतो. परवा एक नर्सबाई कोरी करकरीत मोटरसायकल घेऊन आल्या. पुस्तिकेत सिंथेटिकच घाला असं छापलंय म्हणाल्या. म्हटलं, पुस्तिका ठेवा बाजूला, माझ्या भावाची गाडी बघा. पटलं त्यांना. गुरुवारी, वीस तारखेला, साधं घालतोय. तूही साधंच घाल.

तुझ्या आईला आशीर्वाद सांग. माझ्यावर लोभ ठेव, सिंथेटिकवर नको.
तुझा,
मोठा काका

ता. १५ फेब्रुवारी

ती. मोठ्या काकांस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. हे चौथं.

तुमचं पत्र मी आईला वाचून दाखवलं. आधी ती पोट धरून हसली आणि मग डोळे पुसायला लागली. काका, तिनं मला आत्ता सांगितलं, बाबा अकरा वर्षं सिंथेटिकच घालत होते. त्यांची फिरती वाढली, उन्हातान्हात गाडी तापायला लागली, तेव्हा त्यांनी बदललं. तुम्ही दिलेला साध्या ऑइलचा तो निळा डबा आहे ना, त्यात नरसाळं लावून सिंथेटिक ओतून ठेवायचे. रिकामी बाटली ऑफिसातल्या कचऱ्यात टाकायचे, म्हणजे रविवारी तुमच्या नजरेला पडायला नको. तुम्ही आवाज ऐकून शाबासकी दिलीत की स्वयंपाकघरात येऊन पाणी प्यायचे, हसू आवरायला.

आई म्हणायची, सांगून टाका की सरळ. तर म्हणायचे, गॅरेज सोडून मी दादाला एकदा दुखवलंय, पुन्हा नाही.

आई आताही म्हणते, लिहू नकोस, एवढं एकच तर उरलंय त्यांच्याकडे. पण काका, त्या नर्सबाईंचं इंजिन नवं आहे, आणि ज्या गाडीचा दाखला तुम्ही दिलात तो दाखलाच खोटा आहे. तुमचं मन मोडतंय, हे कळतंय मला. रागावा, पण गुरुवारच्या आत हे वाचा.

लोभ उरला असेल तर असू द्या.
आपली,
भिंगरी

ता. २१ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र बुधवारी पोचलं. वाचून पाना असा आपटला की तुझी काकू धावत बाहेर आली. अकरा वर्षं! मी कान लावून बसायचो आणि हा लेकाचा मागे मान डोलवायचा! माझ्या कानाची पार शोभा केली. रात्रभर त्याला शिव्या घातल्या. हयात असता तर तोंडावर घातल्या असत्या, तेही नशिबात नाही.

गुरुवारी नर्सबाई आल्या. त्यांना सगळं खरं सांगितलं आणि पुस्तिकेत लिहिलंय तेच ऑइल घातलं. त्या हसल्या, मीही हसलो, आणि हसता हसता त्या परक्या बाईसमोर मला रडू फुटलं. त्यांनी बिचाऱ्यांनी मला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं.

तू सिंथेटिकच चालू ठेव. मात्र मोटरसायकलचंच घे, मोटारीचं घेतलंस तर क्लच घसरेल. गाडी वर्षभर उभी होती, इंजिनाचे रबरी सील सुकले असतील, तेव्हा आठवडाभर खाली ऑइलचे थेंब पडतात का बघ.

भिंगरे, मी जगाला सांगत आलो की त्यानं माझं एक तरी ऐकलं. तेही ऐकलं नव्हतं. पण गॅरेज सोडल्याचं त्याच्या मनाला लागून होतं, हे मला या वयात कळलं. मला वाटायचं, ते फक्त मलाच लागलंय.

पहिल्या रविवारी येतोय. गाडी ऐकायला नाही. तुझ्या आईला म्हणावं, तो माझ्यापासून आणखी काय काय लपवायचा ते सगळं आठवून ठेव. एकही गोष्ट गाळायची नाही.

आशीर्वाद आहेतच, लोभही आहे. तोही आता तुझ्या बापासारखा लपवून ठेवणार नाही.
तुझा,
मोठा काका