महाधनेशाखालची ओळ

दि. ४ मार्च

चि. चिमणीस,
आजोबांचे भरभरून आशीर्वाद. वि. वि. तुझ्या उद्यानातल्या पक्ष्यांच्या पाट्या रंगवून पाठवल्या. वाटेत रंग खरचटला नाही ना? जिवाला चैन नाही. एक सांगतो, चिडू नकोस. महाधनेश ‘धोक्यात’ आणि राखी धनेश ‘चिंता नाही’ असं तू लिहून दिलं होतंस. घाईत उलटंपालटं झालं असणार. महाधनेशाची ती चोच केवढी! त्याच्या वाटेला कोण जातंय? भ्यायचं ते बारक्या राखीनं. मी गुपचूप ओळी बदलल्या. आजोबा चौथी नापास असला तरी डोकं चालतं बरं!
लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझे आजोबा

दि. ११ मार्च

ती. आजोबांस,
सा. न. वि. वि. आजोबा, उलटं नव्हतं. महाधनेशाला घरट्यासाठी जुन्या, दांडग्या झाडाची ढोली लागते, आणि तशी झाडं तुटत चाललीत. राखी धनेश रस्त्याकडेच्या झाडातही संसार थाटतो, म्हणून त्याची चिंता नाही. साहेबांनी सगळ्यांदेखत विचारलं, हे दिवे कोणी लावले? मी म्हटलं, मजकूर माझाच चुकला. मला नोकरीत पक्कं करायचं होतं, ते आता बघू म्हणालेत. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. गोळ्या घ्या.
तुमचीच चिमणी

दि. १८ मार्च

चि. चिमणीस,
आशीर्वाद तरी कोणत्या तोंडानं देऊ? तुझं पत्र वाचलं. जन्मभर नको त्याची काळजी केली, आणि जिथं करायची तिथंच ‘चिंता नाही’ लिहून बसलो. काल ब्रश घेऊन तुमच्याकडे आलो होतो. तू रानात घरटी बघायला गेलेली, ते बरंच झालं. साहेबांना म्हटलं, शहाणपणा माझा, पोरीला बोलू नका. ते म्हणाले, मग ती खोटं का बोलली? झालं! तुला सोडवायला गेलो आणि खोटारडी ठरवून बसलो. शेवटी तेच हसले. म्हणाले, तिला पक्की करतो, पण यापुढे आजोबांनी अक्षरं नुसती काढायची, वाचायची नाहीत. सगळी कचेरी हसली. मीही हसलो, पण कान तापले होते.
मग सगळ्यांसमोर शिडीवर चढून दोन्ही ओळी पुसल्या, नीट लिहिल्या. खाली कोपऱ्यात माझं नाव ठळक घातलं. पुन्हा चूक निघाली तर लोकांनी मला शोधत यावं, तुला नाही.
राग धरलास तर थोडाच धर.
तुझा आगाऊ आजोबा