दाराखालची केबल

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. (हा नुसता कागदावरचा समजू नकोस. गेल्या महिन्यात मी एका दारासमोर खरोखरच आडवी पडले होते, आणि हे पत्र त्याचंच आहे. पण ते पुढे.) तुझा गुडघा काय म्हणतो? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करतेस, की व्यायामाचा कागद त्याच गुडघ्यावर ठेवून टीव्ही बघतेस? खरं लिही, मी आईला सांगणार नाही. फोन करायचा सोडून पत्र कसलं लिहिते, असं तू म्हणशील. पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि व्हिडिओ कॉलवर मी चार महिने तुझ्या उजव्या कानाशीच बोलत होते. आज मला सलग बोलायचंय. दमाने सांगायचं ठरवलं होतं, पण नाही जमत, टाकतेच सांगून: आत्या, मला नेटवर्क विभागात घेतलं! पदवी नसताना घेतलं! मी जिन्यात कुणी नाही असं बघून दोन उड्या मारल्या, आणि होतं कोणीतरी.

आता पहिल्यापासून. दोन वर्षांपूर्वी मी इंजिनियरिंगचं दुसरं वर्ष अर्धवट टाकून घरी आले, ते तुला ठाऊक आहेच. तेव्हापासून बाबा माझ्याशी बोलत नाहीत, हेही ठाऊक आहे. तीस वर्षं लोकांच्या घरात वायरिंग केलं ते मुलीने पदवीचा कागद आणावा म्हणून, आणि मुलीने आणली ती कपड्यांची बॅग. मी फोन केला आणि चुकून त्यांनी उचलला, तर ते फक्त आईला हाक मारतात, तुझा फोन आहे म्हणून. मी घरी गेले की 'तिला सांग, जेवायला वाढलंय', आणि 'ती' समोर पाट्यासारखी बसलेली. दिवसभर शंभर अनोळखी माणसं माझ्याशी बोलतात गं, आणि ज्यांनी बोलावं ते एकटेच बोलत नाहीत. मला याचं फार वाईट वाटतं. हे एकदा लिहिलं, आता पुन्हा लिहिणार नाही. (लिहीनच बहुधा.)

हेल्पडेस्क म्हणजे नक्की काय, हे तू तिसऱ्यांदा विचारायच्या आत लिहून ठेवते. ऑफिसात कुणाचाही कॉम्प्युटर रुसला की तो माणूस मला फोन करतो आणि आधी माझ्यावर चिडतो. मग मी त्याला शांत करते, मग कॉम्प्युटरला. (तुला व्हिडिओ कॉल शिकवलेल्या माणसाला जगात कुणीच अवघड वाटत नाही.) एक गृहस्थ रोज सकाळी पासवर्ड विसरतात आणि मला विचारतात, काल काय होता हो? एका बाईंचा कॉम्प्युटर आपोआप पानंच्या पानं कोरी टाकत होता. भूत आहे म्हणून त्या शेजारच्या टेबलावर जाऊन बसल्या. त्यांचा डबा कीबोर्डच्या कोपऱ्यावर टेकलेला होता. प्रत्येक फोननंतर तक्रारीची नोंद करायची असते आणि शेवटी 'कारण' नावाचा रकाना असतो. तो भरल्याशिवाय तक्रार बंद होत नाही. बाकीचे तिथे 'तांत्रिक' एवढं लिहून मोकळे होतात. मला मेलीला ते जमत नाही. मी डबा होता तर डबा लिहिते, कुठल्या बाजूला होता तेही लिहिते. आमच्या प्रमुख बाई म्हणायच्या, अहो, कारण लिहा, कादंबरी नको. पण त्याच कादंबरीने हात दिला बघ.

झालं काय, तिसऱ्या मजल्यावर खरेदी विभाग आहे. तिथलं नेट रोज दुपारी जायला लागलं. जेवण झालं की मजल्याचा अर्धा भाग ठप्प. नेटवर्क विभागातले दोन पदवीधर (दोघेही गुणी, दोघांच्याही गळ्यात ओळखपत्राच्या दोन-दोन दोऱ्या, दुसरी कशाची ते कळलेलं नाही) पळत वर जायचे, आणि ते पोचले की नेट चालू. त्यांनी नेटची पेटी बदलली, यंत्रं बदलली, दोन महिने नुसते जिने चढले. लोक म्हणायला लागले, पोटभर जेवल्यावर नेटलासुद्धा झोप येते. हसू नकोस, पुढे बघ. मी माझ्या नोंदी काढून बसले. त्रेचाळीस तक्रारी. सगळ्या एक चाळीस ते सव्वादोन या वेळातल्या. मध्ये एक आठवडा एकही नाही. आणि त्या आठवड्यात खरेदी विभागाचे मोठे साहेब रजेवर होते.

मी माझी जेवणाची सुट्टी घेऊन वर गेले आणि साहेबांच्या केबिनबाहेर भिंतीला टेकून उभी राहिले. एक चाळीसला दार लागलं, टक्क करून. त्याच क्षणी हॉलमध्ये सगळे 'गेलं, गेलं' करून ओरडले. आत्या, माझ्या अंगावर काटा आला! नेटची पेटी साहेबांच्या केबिनमध्ये, कारण मजल्यावर कुलूप असलेली ती एकच खोली. पदवीधर यायचे ते पेटी बघायला, म्हणून आधी दारावर टकटक करायचे. साहेब दार उघडायचे आणि नेट यायचं. मी टकटक केली नाही. मी जमिनीवर पालथी पडले, गाल गालिच्याला लावला आणि बघितलं. गालिच्याच्या कडेखालून केबल आत गेलेली, आणि एसीची हवा बाहेर जाऊ नये म्हणून दाराला खाली नवी ॲल्युमिनियमची पट्टी मारलेली. दार पूर्ण लागलं की पट्टी बरोबर केबलच्या मानेवर. मला इतका आनंद झाला की मी तशीच पडून राहिले, आणि दार उघडलं. माझ्या नाकासमोर दोन मोजे. बूट नाहीत. वरून आवाज आला, काही हरवलंय का? मी म्हटलं, नेट, साहेब. साहेबांच्या गालावर उशीची शिवण उमटलेली होती.

खरा पेच पुढे होता. नेटवर्क विभागातली एक जागा निघाली होती. 'पदवी किंवा तेवढा अनुभव' असं लिहिलं होतं, आणि त्या 'किंवा'च्या आधाराने मी अर्ज केला होता. मुलाखत घेणार तिघं जण, त्यातले एक हेच साहेब. इकडे माझ्यासमोर 'कारण' हा रकाना. तांत्रिक असं लिहिलं असतं तर सगळे सुटलो असतो, आणि केबल तशीच दबत राहिली असती. मी अर्धा तास नुसती बसले. मग लिहिलं: दार पूर्ण लागल्यावर पट्टीखाली केबल दबते. दार का लागतं असा रकाना त्यात नव्हता. तो फॉर्म बनवणाऱ्याचं भलं होवो.

मुलाखतीत पहिल्याने विचारलं, शिक्षण? मी सांगितलं, बारावी आणि दीड वर्ष. दुसऱ्याने बरंच काही विचारलं, ते मला आलं. (दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी हेच वाचते आहे. कॉलेजात जे वाचताना डोळे मिटायचे, तेच आता हातातून सुटत नाही.) मग साहेब माझ्या नोंदीचा कागद समोर ठेवून म्हणाले, वेळ अगदी मिनिटासकट लिहिली आहे. त्या वेळेचं कारण का नाही लिहिलं? मी म्हटलं, साहेब, वेळेचा प्रश्नच नाही. दार कुणीही, कधीही लावणारच, दार त्यासाठीच असतं. दाराखालून वायर गेली तर चूक दार लावणाऱ्याची नसते, वायर नेणाऱ्याची असते. साहेबांनी विचारलं, हे कुठे शिकलात? मी म्हटलं, बाबांकडून. ते वायरमन आहेत.

पदवी कुठली असं कुणी विचारलं की मी दोन वर्षं खाली बघत होते. त्या दिवशी मान वर करून बोलले. चौथ्या दिवशी पत्र आलं. आता पहिलंच काम, सगळ्या तिसऱ्या मजल्याचं केबलिंग नव्याने करायचं, छतातून, एकही केबल जमिनीवर नाही. येतं ना, असं विचारलं. मी म्हटलं, लहानपणापासून.

गुडघ्याला जप. घरातल्या सगळ्यांना यथायोग्य.

तुझी भाची,
(महिनाअखेरपर्यंत हेल्पडेस्क, पुढे नेटवर्क)

ता. क. लहानपणापासून येतं म्हटलं, ते पूर्ण खरं नाही. केबलच्या टोकांची जोडणी मी शिकले आहे. पण छतातून केबल कशी ओढायची, कुठे वळवायची, यातलं मला काही येत नाही. बाबांबरोबर कामावर जायचे तेव्हा मी फक्त शिडी धरायचे. काम एक तारखेला सुरू होतंय.

ता. क. २. पंधरा दिवसांसाठी काम जाणणारा एक माणूस घ्यायची परवानगी मिळाली आहे. मी बाबांचं नाव देऊन टाकलंय. फॉर्ममध्ये पदवीच्या रकान्यात त्यांच्यासाठीही आडवी रेघ मारली, माझ्यासाठी मारली होती तशीच. बाबा जगात फक्त तुला भितात, म्हणून हे तूच सांगायचं. मला मदत हवी आहे असं सांगू नकोस, येणार नाहीत. एवढंच म्हण की कुणीतरी दाराखालून वायर नेली आहे. मग ते जेवणसुद्धा अर्धवट टाकून निघतील.

ता. क. ३. इथे येऊन माझ्याशी बोलले नाहीत तरी चालेल, असं त्यांना माझ्यातर्फे सांग. मी शिडी धरीन. वर चढल्यावर 'नीट धर' एवढं तरी त्यांना म्हणावंच लागेल, आणि आई तर तिकडे घरी असेल.