दोन स्क्रू आवळण्याची परवानगी

प्रति,
मा. सहसंचालक (लोकसहभाग),
राष्ट्रीय वृद्धसेवा सुधारणा कार्यालय,
तिसरा मजला.

विषय: वृद्धनिवासातील खोली क्र. ५ च्या संडासातील आधाराची दांडी घट्ट करू देण्याबाबत.

संदर्भ: १) सदर दांडीवर चिकटवलेली आपली सूचना. २) माझे यापूर्वीचे तीन अर्ज व त्यांना आलेले एक उत्तर.

महोदय,

वृद्धसेवेची देशव्यापी सुधारणा लोकांचे ऐकूनच करायची, हा आपल्या कार्यालयाचा निर्णय ऐतिहासिक आहे. या इतिहासात माझ्या आईचा वाटा दोन शब्दांचा आहे. मागील वर्षी आपल्या कार्यालयातील एक ताई अभिप्रायाचा फॉर्म घेऊन तिच्या खोलीत आल्या, तेव्हा तिने सांगितले, "दांडी हलते." चाळीस वर्षे शिवणयंत्रावर बसलेल्या बाईला पाल्हाळ लावायची सवय नसते. दांडी म्हणजे कमोडशेजारच्या भिंतीला बसवलेली, जिला धरून ती उठते ती. तिच्या चारपैकी दोन स्क्रू तेव्हा गळून पडले होते.

१. हजारो अभिप्रायांतून आईचा अभिप्राय निवडला गेला, याबद्दल आम्ही कुटुंबीय ऋणी आहोत. त्यानंतर आठवड्याभरात दांडीवर कागद लागला: 'नमुना क्र. ११. जनतेच्या मतासाठी खुला. कृपया बदल करू नये.' त्याच दुपारी निवासाचे सुतारकाका स्क्रूड्रायव्हर घेऊन आले, चष्मा लावून कागद वाचला आणि म्हणाले, "काकू, आता ही सरकारची झाली. मी हात लावला तर मला घरी बसवतील." ते स्क्रू खिशात घालून परत गेले.

२. नमुना पाहण्याची वेळ सकाळी दहा ते बारा व दुपारी तीन ते पाच अशी आहे. या वेळात आईने संडासास जाऊ नये, असे लेखी कोणी सांगितलेले नाही. पण तिथे माणसे उभी असतात. प्रत्येक नागरिकाने स्वतः अनुभव घेऊन मत नोंदवायचे असल्याने प्रत्येक जण दांडी हलवून बघतो. आजवर दोनशे बारा जणांनी बघितली. सुरुवातीस ती बोटभर हलायची, आता वीतभर हलते. एका निवृत्त अभियंत्यांनी तिला लोंबकळून पाहिले व वहीत 'तक्रारीत तथ्य आढळले' असा शेरा मारला. तिसरा स्क्रू त्याच दिवशी गेला.

३. आईला सुरुवातीस हे सगळे आवडत होते, हे लपवण्यात अर्थ नाही. ती दहाच्या आत वेणी घालून खुर्चीत बसायची आणि आलेल्या-गेलेल्याला माहिती द्यायची. त्यापूर्वी तिच्याकडे मी येत असे, महिन्यातून एकदा, तोही घड्याळाकडे बघत. (माझा व्यवसाय घड्याळदुरुस्तीचा आहे.) आता मी दर रविवारी येतो. "तुझ्यापेक्षा दांडीचा गोतावळा मोठा आहे रे," असे ती मला म्हणाली.

४. दिनांक ३ रोजी ती टॉवेलच्या खुंटीला धरून उठताना घसरली. गुडघा सुजला. हाक का मारली नाहीस, असे विचारता म्हणाली, "बाहेर कॉलेजची मुलं रांगेत उभी होती. त्यांच्यासमोर काय ओरडू?" आता ती जेवणानंतरचे पाणी पीत नाही. डॉक्टरांनी भरपूर पाणी प्यायला सांगितले आहे.

५. माझ्या तिसऱ्या अर्जास आलेल्या उत्तरात म्हटले होते की, दांडी मध्येच घट्ट केल्यास पुढे येणाऱ्या नागरिकांची समान संधी हिरावली जाईल; तथापि मी स्वतःही नागरिक असल्याने माझे मत वहीत नोंदवू शकतो. त्यानुसार मी दोनशे तेराव्या क्रमांकावर 'दांडी हलते. घट्ट करावी' असे लिहिले (न हलवता). दुसऱ्या दिवशी आपल्या कार्यालयाचा निरोप आला. माझ्या मताबद्दल आभार मानले होते आणि लोकांचा असा उदंड प्रतिसाद पाहून नमुन्याची मुदत सहा महिने वाढवल्याचे कळवले होते.

६. तरी विनंती की, मला स्वखर्चाने स्क्रू आवळण्याची परवानगी मिळावी. याहून बारीक स्क्रू मी दिवसाला शंभर आवळतो. चार मिनिटांचे काम आहे. समान संधीचीच अडचण असेल, तर रोज दहाला मी ते सैल करून देईन व पाचला पुन्हा आवळीन. दुकान त्या वेळात बंद ठेवण्याची माझी तयारी आहे. तेही नियमात बसत नसेल, तर जनतेला हलवण्यासाठी एक वेगळी दांडी आपल्या कार्यालयात बसवावी व आईची आईला द्यावी.

७. मागच्या मंगळवारी आईला आपल्या कार्यालयात जाहीर सुनावणीसाठी बोलावले होते. मी सोबत होतो. चार तासांनी तिचा क्रमांक लागला. तिला तीन मिनिटे दिली होती. तिने दोन शब्द वापरले, तेच. टाळ्या झाल्या. अध्यक्षांनी तिला पुढच्या सुनावणीसही येण्याचा आग्रह केला. तिने "बघते" म्हटले आहे. आमच्या घरात त्याचा अर्थ 'नाही' असा होतो. कारण खाली ता. क. मध्ये दिले आहे.

परवानगी मिळेपर्यंत आणि नंतरही
आपला नम्र,

(सही)
खोली क्र. ५ मधील आजींचा मुलगा
दिनांक: १९

सोबत: १) अभिप्राय वहीची प्रत, पाने चौदा. २) गुडघ्याबाबत डॉक्टरांची चिठ्ठी. ३) स्क्रू, नग तीन. (पहिला अर्ज लिहिला तेव्हा दोन पुरणार होते.)

ता. क.: आपल्या कार्यालयाच्या संडासात दांडी नाही. हलणारीसुद्धा.